कोंडीच्या आधीची गोष्ट: बोडाबोडा आणि माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य

सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपोआप येतं. माझंही आलं होतं: "शहरांतील वाढत्या वाहतूक कोंडीमुळे मोटारसायकल टॅक्सी हा पर्याय उदयास आला." लिहिल्यावर मला ते फार आवडलं. ओघवतं होतं, सगळ्यांना पटणारं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले. "कधी? कशावरून?"

मला आधी राग आला. यात विचारण्यासारखं काय आहे? रस्ता तुंबला की मोटारसायकल फटीतून निघते, हे शेंबडं पोरही सांगेल. पण "कधी" या शब्दाला उत्तर द्यायचं तर तारखा मांडाव्या लागतात, आणि तारखा मांडल्यावर ते वाक्य उभं राहीना. ते कसं कोसळलं, तेच आज सांगते. तुमच्यापैकी कितीतरी जण सध्या पेटची तयारी करताय, काही जण आरआरसीपुढे उभे राहणार आहात. तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये असं एक "आपोआप" आलेलं वाक्य असेल.

विषय कुठून आला

मी वाळूजच्या जवळ वाढले. मामा तिथल्या एमआयडीसीत एका सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात होता. एकदा बोलता बोलता म्हणाला, "बॉक्सर आता आपल्याकडं कुठं दिसते? ती सगळी आफ्रिकेला जाते." बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. कावासाकीच्या तंत्रज्ञानावर बेतलेली बॉक्सर आपल्याकडे १९९० च्या दशकाच्या शेवटी रस्त्यावर दिसायची, मग हळूहळू गेली. युगांडा, केनिया, नायजेरिया या देशांत मात्र ती अजून धावते, आणि तिच्यावर मागे बसलेला माणूस बहुतेक वेळा भाडं देऊन बसलेला असतो. टांझानियात तर तीनचाकी रिक्षेलाच "बजाजी" म्हणतात. आपण फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणतो तसं.

युगांडाची राजधानी कंपाला. तिथल्या मोटारसायकल टॅक्सीला म्हणतात बोडाबोडा, किंवा नुसतं बोडा. टेकड्यांवर पसरलेलं, अरुंद रस्त्यांचं, सकाळ-संध्याकाळ ठप्प होणारं शहर. १४ आसनी मिनीबस, जिला तिथे "टॅक्सी" म्हणतात, ती आपल्या काळी-पिवळीसारखी सीट भरल्याशिवाय हलत नाही आणि हलली तरी चौकात अडकते. तिच्या कडेने, दोन गाड्यांच्या मधून, कधी फुटपाथवरून बोडा निघून जाते. हे चित्र डोळ्यांसमोर असलं की माझं ते पहिलं वाक्य खरंच वाटतं. अडचण सुरू होते ती नावापासून.

नाव हेच पहिलं साधन

"बोडाबोडा" हा शब्द शहरातला नाहीच. तो इंग्रजी "बॉर्डर-बॉर्डर" चा स्थानिक उच्चार आहे. केनिया आणि युगांडा यांच्या सीमेवर बुसिया नावाचं गाव आहे. तिथे दोन देशांच्या चौक्यांमध्ये अर्ध्या मैलाहून थोडी जास्त मोकळी पट्टी होती. बसने आलेल्या माणसाला एका फाटकापाशी उतरून दुसऱ्या फाटकापर्यंत सामान घेऊन चालत जावं लागे. मोटारगाडी सीमेपलीकडे न्यायची तर कागदपत्रं लागत. सायकलला ती भानगड नव्हती. म्हणून १९६० च्या दशकात सायकलवाले कॅरियरवर गादी बांधून उभे राहू लागले आणि गिऱ्हाईक दिसलं की ओरडू लागले: बोडा, बोडा! म्हणजे या बॉर्डरपासून त्या बॉर्डरपर्यंत. तिथून ही पद्धत उत्तरेच्या मलाबा नाक्यावर गेली.

मोटारसायकल टॅक्सीची ही आजी सायकल होती, आणि तिच्या जन्मगावी ट्रॅफिक जॅम नावाची गोष्टच नव्हती. होती ती एक रिकामी पट्टी. तिच्यावरून बस जाऊ शकत नव्हती, आणि सामान घेऊन चालणं नकोसं होतं.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारायला हवा: १९६० च्याच दशकात का? सीमा तर ब्रिटिशांनी आधीच आखली होती. याचं उत्तर मला वाहतुकीच्या पुस्तकांत मिळालं नाही, चलनाच्या इतिहासात मिळालं. ब्रिटिश काळात केनिया, युगांडा आणि टांगानिका या तिन्ही ठिकाणी एकच पूर्व आफ्रिकी शिलिंग चालायचा. युगांडा ९ ऑक्टोबर १९६२ ला स्वतंत्र झाला, केनिया १९६३ मध्ये. १९६६ मध्ये सामायिक चलन मोडलं आणि प्रत्येक देशाने आपली मध्यवर्ती बँक आणि आपल्या नोटा काढल्या. नकाशावरची रेघ तीच राहिली, पण ती ओलांडणं म्हणजे एका पैशातून दुसऱ्या पैशात जाणं झालं. भाव वेगळे, नियम वेगळे, तपासणी वेगळी. रेघेला दार आलं, आणि दार आलं की दारावरचा हमालही येतो. बुसियाच्या सायकलवाल्याला मी असा वाचते. हा माझा तर्क आहे हे इथेच सांगते, कारण तर्क आणि साधन यांच्यामध्ये रेघ ओढायची सवय आत्तापासून लावून घ्या. चलन १९६६ मध्ये वेगळं झालं ही झाली नोंद. बोडाचा जन्म त्या काळात होणं हा योगायोग नसावा, हा झाला अर्थ.

पुढच्या दशकात त्या पट्टीची किंमत आणखी वाढली. १९७१ मध्ये इदी अमीन सत्तेवर आला. ऑगस्ट १९७२ मध्ये त्याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायचा हुकूम दिला. दुकानदारी आणि आयात-निर्यात ज्यांच्या हातात होती ते लोक गेले आणि कायदेशीर व्यापाराची साखळी तुटली. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये कडाक्याच्या थंडीत दव गोठून कॉफीचे मळे करपले आणि जगात कॉफीचे भाव भडकले. युगांडाचा शेतकरी कॉफी पिकवत होता, पण सरकारी खरेदीत त्याच्या हाती काहीच पडत नव्हतं. मग कॉफी चोरवाटांनी केनियात जाऊ लागली. या काळ्या बाजाराला तिथे "मागेंडो" म्हणतात. १९७७ मध्ये पूर्व आफ्रिकी समुदाय ही तीन देशांची संघटनाही मोडली. सीमा जितकी कडक होत गेली तितकी ती ओलांडून देणाऱ्या माणसाची गरज वाढत गेली.

मग कंपालात कशी आली?

इथे मी स्वतःशीच वाद घातला. ठीक आहे, नाव सीमेवरचं असेल, पण मोटारसायकल तर शहरातच आली ना? आणि शहरात कोंडी होतीच की!

तर परत तारखा बघू. १९९१ च्या जनगणनेत कंपालाची लोकसंख्या ७ लाख ७४ हजार होती. २००२ मध्ये ती ११ लाख ८९ हजार झाली आणि २०१४ मध्ये १५ लाख ७ हजार. बोडा मोटारसायकलवर चढली आणि कंपालात पसरू लागली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे शहर आजच्या मानाने निम्मं असताना. रस्त्यावर मोटारींचा पूर यायच्या आधीच ती येऊन उभी होती.

त्या दशकात युगांडात दुसरंच काही घडत होतं. जानेवारी १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांच्या बंडखोर सैन्याने कंपाला घेतलं. अनेक वर्षांच्या युद्धाने आणि अंदाधुंदीने सरकारी बससेवा मोडकळीला आली होती. नव्या सरकारने जागतिक बँक आणि नाणेनिधीच्या सल्ल्याने अर्थव्यवस्था खुली केली. परकीय चलनावरचे निर्बंध सैल झाले, आयात सोपी झाली. त्याच वेळी सरकारी नोकऱ्यांत कपात झाली, आणि १९९२ पासून हजारो सैनिकांना थोडे पैसे हातावर ठेवून घरी पाठवण्यात आलं.

आता हे सगळं एकत्र ठेवून बघा. बस नाही. नोकरी नाही. हातात एकरकमी थोडे पैसे आहेत. मोटार घ्यायला ते पुरत नाहीत, मोटारसायकलला पुरतात किंवा हप्त्यात पुरवता येतात. आयात खुली असल्यामुळे बाजारात आधी जपानी आणि पुढे स्वस्त, दणकट भारतीय गाड्या येताहेत. आणि गिऱ्हाईक टेकडीच्या माथ्यावर राहतंय, जिथे मिनीबस जातच नाही. सायकलने तो चढ चढवत नाही. पूर्वेकडच्या सपाट गावांमध्ये सायकलची बोडा पुढेही बरीच वर्षं टिकली. कंपालाच्या टेकड्यांवर इंजिनच लागलं.

वाहतुकीचे अभ्यासक जॉन हाउ यांच्या २००३ मधल्या युगांडावरच्या लेखाचं शीर्षकच "फिलिंग द मिडल" असं आहे. मधली जागा भरणं. पायी चालणं आणि मोठं वाहन यांच्या मधली जागा. बुसियाला ती दोन फाटकांच्या मध्ये होती. कंपालात ती मिनीबसचा थांबा आणि घर यांच्या मध्ये होती.

दोन छोट्या चाचण्या

एखादं कारण खरं की नुसतं सवयीचं, हे तपासायला मॅडमनी मला दोन चाचण्या शिकवल्या. तुम्हालाही उपयोगी पडतील.

पहिली: जिथे कारण नाही तिथेही परिणाम दिसतो का? दिसतो. पूर्व आफ्रिकेच्या खेडोपाडी बोडा आहे. डांबरी रस्ता संपतो तिथून आत, मक्याच्या शेतांमधून, बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी आणि केळ्यांचे घड बाजारात आणणारी बोडा. तिथे कोंडी शोधूनही सापडणार नाही. आपल्या शेजारी गोव्यातही तेच दिसेल. पिवळ्या-काळ्या मोटारसायकली घेऊन उभे असलेले "पायलट" तिथे अनेक दशकं परवान्यावर धंदा करताहेत. बसथांब्यापासून आतल्या वाड्यांपर्यंत, बाजारापासून घरापर्यंत. तो धंदा काही पणजीच्या ट्रॅफिक जॅममधून निघालेला नाही.

दुसरी चाचणी: जिथे कारण आधीपासून होतं तिथे परिणाम उशिरा का आला? नैरोबी बघा. तिथली कोंडी आणि तिथल्या मटाटू म्हणजे मिनीबस दोन्ही जुन्या आहेत. केंडा मुटोंगी यांचं "मटाटू" हे २०१७ चं पुस्तक या विषयावर आवर्जून वाचा. तरी केनियात मोटारसायकल बोडांचा खरा लोंढा आला तो २००८ नंतर, कारण त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात २५० सीसीच्या आतल्या मोटारसायकलींवरचा कर माफ झाला. जॅम आधीपासून होता, पण गाडी परवडायला लागली तेव्हाच ती रस्त्यावर उतरली.

या दोन चाचण्यांनंतर माझ्या वाक्यात फार काही उरलं नाही.

मग कोंडीचं काय करायचं?

इथे एक सावधगिरी. पहिलं वाक्य पडलं म्हणून त्याच्या उलट वाक्य खरं होत नाही. "कोंडीचा काही संबंध नाही" असं मी लिहिलं असतं तर मॅडमनी परत रेघ ओढली असती.

कोंडीने बोडाला जन्म दिला नाही, पण तिला मोठं केलं ते कोंडीनेच. २००० नंतर कंपालात मोटारी वाढल्या, रस्ते तेवढेच राहिले, आणि आतापर्यंत टेकडीवरच्या घरापर्यंत सोडणारी बोडा थेट ऑफिसपर्यंत जाऊ लागली. आधी ती मिनीबसला जोड होती, आता तिची स्पर्धक झाली. भाडं मिनीबसपेक्षा जास्त, तरी वेळ वाचतो म्हणून माणसं देतात. कोट-टाय घातलेला बँकेतला माणूस बोडावर बसू लागला. गोमेसी घातलेल्या बाईही एका बाजूला पाय सोडून बसतात, आपल्याकडे साडीतल्या बायका स्कूटरवर बसतात तशा. गोमेसी हा युगांडातल्या बायकांचा सणासमारंभाचा पोशाख. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बेतणाऱ्या गोम्स या गोवेकर शिंप्याच्या नावावरून त्याला ते नाव पडलं. गोव्याच्या शिंप्याचं नाव अंगावर आणि वाळूजची गाडी खाली. तुमचा विषय कितीही दूरचा असला तरी असा एखादा धागा तुमच्या हाताला लागतोच, फक्त त्याला सगळं कापड समजू नका.

उगम आणि टिकाव हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि माझ्या वाक्यात मी दोन्ही एकात कोंबले होते. एखादी गोष्ट का आली, याचं उत्तर ती आज का टिकून आहे यावरून देता येत नाही. हे लिहायला सोपं आहे. पण तुमचा विषय बचत गट असो, खासगी क्लासेस असोत नाहीतर ऊसतोड मुकादम असोत, आजचा उपयोग बघून कालचं कारण सांगायचा मोह प्रत्येक वेळी होतो.

एवढा कीस कशासाठी?

आरआरसीत मला एका सरांनी हेच विचारलं. "हे सगळं ठीक आहे हो, पण फरक काय पडतो?"

फरक पडतो तो रुग्णालयात. मुलागो हे कंपालाचं सर्वांत मोठं सरकारी रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक हिशेब मांडला: बोडा अपघातातल्या जखमींवरचा खर्च हा शस्त्रक्रिया विभागाच्या तरतुदीच्या ६० टक्क्यांहून जास्त होता. पाय मोडलेले चालक, डोक्याला मार लागलेले प्रवासी, रस्ता ओलांडणारी मुलं. शहराला बससेवा न चालवता माणसं हलवता येतात, त्याचं बिल कुठे फाटतं ते तिथल्या वॉर्डात दिसतं. जेकब डोहर्टी या मानववंश अभ्यासकाने २०१७ च्या लेखात हेच म्हटलंय की शहराची पायाभूत सुविधा म्हणून इथे माणसंच वापरली जातात, आणि ती वापरून टाकून देण्याजोगी मानली जातात.

आता यावर उपाय काय? तुम्ही बोडाला कोंडीचं अपत्य समजलात तर उपाय दोनच सुचतात: उड्डाणपूल बांधा, आणि बोडांना शहराच्या मध्यभागातून हाकला. कंपालात हे दोन्ही सुरूच असतं. २०११ मध्ये जुनी नगर परिषद जाऊन केंद्र सरकारच्या हाताखालचं महानगर प्राधिकरण आलं. त्यानंतर नोंदणी मोहिमा झाल्या. २०२० मध्ये शहराचा मध्यभाग बोडामुक्त करण्याची योजना जाहीर झाली. बोडा तिथेच आहेत.

बोडाला "मधली जागा" भरणारी समजलात तर वेगळे प्रश्न दिसायला लागतात. बस कुठे गेली? २०१२ मध्ये कंपालात मोठ्या बसची एक सेवा सुरू झाली आणि ती दोन वर्षंही टिकली नाही, ती का? टेकडीवरच्या वस्तीपर्यंत रस्ता का नाही? गाडी चालकाची आहे की रोजच्या भाड्याने घेतलेली? कारण गाडी मालकाची असेल तर संध्याकाळपर्यंत त्याचे पैसे भरून वर आपली कमाई काढायची असते, आणि मग चालक सिग्नलला थांबत नाही. हेल्मेट सक्तीचा कायदा कागदावर आहेच. घाई कुठून येते ते त्या कायद्याला दिसत नाही.

राजकारणही यातलंच. २००१ च्या निवडणुकीत मुसेवेनी उमेदवारी अर्ज भरायला बोडावर बसून गेले. टॉम गुडफेलो या अभ्यासकाने कंपाला आणि रवांडाची राजधानी किगाली यांची तुलना केली आहे. दोन्ही शहरं टेकड्यांची, दोन्हीकडे भारतीय बनावटीच्या मोटारसायकली. किगालीत चालक आणि मागचा प्रवासी दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट दिसतं. कंपालात ते चित्र दुर्मीळ. गुडफेलो यांचं म्हणणं असं की कंपालात चालकांच्या संघटना थेट वरपर्यंत पोहोचू शकतात, निवडणुकीच्या तोंडावर त्यांना दुखवणं कुणालाच परवडत नाही, म्हणून शहर प्रशासनाचा नियम अर्ध्यात गळून पडतो. रवांडाचं सरकार जे ठरवतं ते राबवून घेतं. अर्थात, तिथे विरोध करायला जागाही कमी आहे, हेही त्याच दमात सांगायला हवं. तुलना करताना एका बाजूचं फक्त चांगलं आणि दुसरीचं फक्त वाईट उचलू नका.

पण नियम नाहीत म्हणून कंपालात नुसता गोंधळ आहे असंही समजू नका. बोडा जिथे उभ्या राहतात त्या जागेला "स्टेज" म्हणतात. प्रत्येक स्टेजला अध्यक्ष असतो, सभासद व्हायला पैसे भरावे लागतात, कुणी आजारी पडला की वर्गणी निघते, बाहेरच्याला तिथे गिऱ्हाईक घेऊ देत नाहीत. आपल्या रिक्षा स्टँडवर बसून बघितलंत तर यातलं अर्धं ओळखीचं वाटेल. फोनवरून बोडा बोलावायची ॲप्स गेल्या दशकाच्या मध्याला आली, तेव्हा त्यांना या स्टेजशीच जुळवून घ्यावं लागलं.

माझं वाक्य चुकलं कशामुळे?

मला सर्वांत जास्त शिकवलं ते या प्रश्नाने. मी काही आळशीपणा केला नव्हता. मी वाचून लिहिलं होतं. वीस-पंचवीस लेख वाचले होते, आणि बहुतेकांत तेच वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात होतं.

मग मी साधनांची यादी केली आणि प्रत्येकासमोर लिहिलं की हे साधन कुठे उभं राहून बघतंय. वर्तमानपत्रं: "न्यू व्हिजन" १९८६ मध्ये सुरू झालं, "मॉनिटर" १९९२ मध्ये. दोन्ही कंपालातली. बोडा शहरात येईपर्यंत त्यांना ती दिसणार कशी? रुग्णालयाच्या नोंदी: राजधानीच्या रुग्णालयाच्या. वाहतूक अहवाल: शहरी वाहतूक विभागाचे, शीर्षकातच "शहरी". ॲपची आकडेवारी: ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्याच फेऱ्या. माझी सगळी साधनं राजधानीत उभी होती, मग कारणही राजधानीतच सापडलं यात नवल ते काय.

बुसियाची पट्टी दिसली ती दुसरीकडे. शब्दाच्या व्युत्पत्तीत, चलनाच्या इतिहासात, कॉफीच्या तस्करीवरच्या लिखाणात, करमाफीच्या अर्थसंकल्पात. यातल्या एकावरही "वाहतूक" असं लेबल नाही. ग्रंथालयात ती वेगवेगळ्या कपाटांत आहेत.

म्हणून आता मी नवीन विषय घेतला की तीन गोष्टी करते. पहिलं, त्या गोष्टीला लोक काय म्हणतात ते विचारते आणि तो शब्द कुठून आला ते शोधते. दुसरं, एका कागदावर उभी रेघ ओढून तारखा मांडते, आणि माझं कारण परिणामाच्या आधी येतंय का ते बघते. तिसरं, प्रत्येक साधनापुढे लिहिते: हे कुठे उभं राहून बघतंय? एक दुपार जाते. माझं एक अख्खं वर्ष वाचलं.

आपल्याकडेही हा विषय आता तापणार आहे. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक लाखावर लोकवस्तीच्या शहरांसाठी इलेक्ट्रिक बाईक टॅक्सीच्या धोरणाला मान्यता दिली. रिक्षा संघटनांचा विरोध आहे, प्रवाशांना घाई आहे, तरुणांना काम हवंय. दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईच्या बाईक टॅक्सीवर किती सिनॉप्सिस येतील बघा. आणि त्यातल्या निम्म्यांचं पहिलं वाक्य काय असेल तेही मला माहीत आहे.

माझं वाक्य आता असं आहे: "पूर्व आफ्रिकेत भाड्याची दुचाकी सीमेवरच्या मोकळ्या पट्टीत सुरू झाली, १९९० च्या दशकातल्या बेकारीने आणि खुल्या आयातीने तिला शहरात आणलं, आणि वाहतूक कोंडीने तिला तिथे अपरिहार्य केलं." पहिल्यापेक्षा लांब आहे, कानाला तितकं गोड नाही. मॅडमनी वाचलं आणि "अपरिहार्य" या शब्दाखाली रेघ ओढली.

"कुणासाठी?"

त्याच्यावर काम सुरू आहे. त्या मुलागोच्या वॉर्डातल्या माणसाला हा शब्द वाचून काय वाटेल, याचा विचार करतेय.